चेहरा फिका, कारणे तीन

घरातले एखादे मूल फिके दिसू लागले, खेळता खेळता मध्येच बसू लागले, जेवणावरून त्याचे मन उडाले की आपल्याकडे चार तोंडांनी चार निदाने होतात. दादी म्हणते, नजर लागली. खाला म्हणते, पोटात जंत झाले असतील. शेजारीण म्हणते, रक्त कमी झाले, बीट खायला द्या. अब्बू मेडिकलमधून टॉनिकची बाटली आणतात. पंधरा दिवस बाटली चालते, मग कपाटात मागे सरकते. मूल फिके ते फिकेच राहते.

यातले प्रत्येक माणूस मायेपोटीच बोलत असते. पण फिकेपणा हा स्वतः आजार नसून आजाराने पाठवलेला निरोप आहे. निरोप कोणी पाठवला हे न पाहता उत्तर दिले तर ते चुकीच्या पत्त्यावर जाते. कधी नुसता पैसा वाया जातो, तर कधी औषधच अपाय करते.

सारख्या दिसणाऱ्या आजारांतला फरक ओळखणे ही वैद्यकाची फार जुनी विद्या आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी रै आणि बगदाद येथे काम केलेले हकीम अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोन्ही आजारांत ताप येतो, दोन्हींत अंगावर पुरळ उठते. ताप कसा चढतो, पाठ दुखते का, पुरळ कसे येते, हे बारकाईने पाहून त्यांनी या दोन आजारांतला फरक लिहून ठेवला. आज आपणही तेच करू या. एकच लक्षण घेऊ, फिकेपणा. एकच पेशी घेऊ, रक्तातली तांबडी पेशी. आणि तिला बाधा पोहोचण्याच्या तीन वाटा पाहू. माणसाच्या बहुतेक आजारांची मूळ कल्पना या तीन वाटांवरून समजते.

आधी पेशीची ओळख

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या तांबड्या पेशीच असतात. या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. दर सेकंदाला २० लाखांहून जास्त नव्या पेशी रक्तात उतरतात, सुमारे १२० दिवस काम करतात आणि मग प्लीहा व यकृतात त्यांची मोडतोड होते. मोडलेल्या पेशीतले लोह शरीर पुन्हा वापरते. जुने दागिने आटवून नवे घडवावेत तसा हा व्यवहार आहे.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचवायचा, हे त्यांचे काम. रक्ताचा लाल रंग यांचाच. ओठ, नखे आणि खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते तेव्हा हिमोग्लोबिन कमी पडले आहे, अशी शंका घ्यावी.

का कमी पडले? कारखान्याची कल्पना करा. माल कमी निघत असेल तर तीन कारणे संभवतात. कच्चा माल नाही, नकाशातच चूक आहे, किंवा बाहेरून कोणीतरी तयार माल फोडतो आहे.

पहिली वाट : कच्चा माल कमी

हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यामागे एकच कारण नसते, पण लोहाची कमतरता हे मोठे कारण आहे.

मुलींची मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या रश्श्यावर भागवणारी आई, ही कमतरतेची आपल्या घरातली कारणे. त्यात आतड्यात आकडेकृमी असले तर ते रोज थोडे थोडे रक्त पितात. म्हणून जंतांविषयी खालाचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. शाळेत जंतनाशक गोळी देतात ती याचसाठी, आणि वयात आलेल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी लोहाची गोळी देतात तीही याचसाठी. मुली ती गोळी दप्तरात लपवतात किंवा खिडकीतून टाकतात. आयांनो, घरी विचारत जा.

खाण्यात कलेजी, मटण, खिमा यांतले लोह अंगी चांगले लागते. हिरव्या पालेभाज्या, डाळी, अळीव यांतले लोह त्या मानाने कमी शोषले जाते, पण वर लिंबू पिळले तर जास्त मिळते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो लोह अडवतो. तासभर थांबावे. खजूर खावा, तो चांगलाच आहे, पण खजुराने रक्त भरून निघेल एवढे लोह त्यात नसते. बीटाचा रंग लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढते, ही समजूतही बाजूला ठेवावी.

या वाटेने आलेला फिकेपणा लोहाच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या काही आठवडे नव्हे, डॉक्टर सांगतील तेवढे महिने घ्याव्या लागतात. पण दोन-तीन महिने नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर आणखी एक बाटली आणण्याऐवजी थांबून विचारावे की वाट दुसरी तर नाही ना?

दुसरी वाट : एका नुक्त्याचा फरक

आम्ही भाषा शिकवतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला भाषेतूनच उमगली. उर्दूत ‘दुआ’ लिहिताना ऐनवर एक नुक्ता पडला की तोच शब्द ‘दगा’ होतो. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. वेलांटी बदलली, अर्थ बदलला.

शरीराचीही एक लिपी आहे. तिच्यात मुळाक्षरे चारच, पण मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. हा मजकूर ४६ गुणसूत्रांत बांधलेला असतो. २३ आईकडून येतात, २३ वडिलांकडून. मजकुरातल्या एकेका कामाच्या उताऱ्याला जनुक म्हणतात. हिमोग्लोबिनचा एक महत्त्वाचा भाग कसा बनवायचा, तो उतारा अकराव्या गुणसूत्रावर असतो. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात, एक अम्मीची आणि एक अब्बूंची.

या उताऱ्यात एकच अक्षर एका ठरावीक जागी बदलले तर सिकलसेल होतो. प्राणवायू कमी पडताच अशा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबारकडे याचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्याच उताऱ्यात दुसऱ्या काही चुका झाल्या तर हिमोग्लोबिनचा तो भाग फार कमी बनतो किंवा बनतच नाही. हा बीटा थॅलेसेमिया. अशा २०० हून जास्त वेगवेगळ्या चुका आजवर सापडल्या आहेत.

दोनपैकी एकाच प्रतीत चूक असेल तर दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. अशा माणसाला वाहक म्हणतात. ‘थॅलेसेमिया मायनर’ हेच त्याचे दुसरे नाव. तो आजारी नसतो. शाळा, नोकरी, बाळंतपण, रोजे, सारे इतरांसारखेच. हिमोग्लोबिन थोडे कमी असते एवढेच. भारतात शंभरात सरासरी तीन-चार माणसे अशी वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे, आणि मुस्लिम घरेही याला अपवाद नाहीत. बहुतेकांना आपण वाहक असल्याचे आयुष्यभर कळत नाही.

दोन्ही प्रतींत चूक असेल तर मात्र ‘थॅलेसेमिया मेजर’. देशात दरवर्षी अंदाजे दहा हजार मुले हा आजार घेऊन जन्मतात. जन्मतः ही मुले अगदी छान दिसतात, कारण आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते जन्मानंतरही काही महिने पुरते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात ते ओसरते आणि नवे बनत नाही. गोरेगोमटे, हसते बाळ डोळ्यांदेखत कोमेजू लागते. म्हणून नजरेची शंका येते, आणि ती घेणाऱ्या दादीला हसण्यात अर्थ नाही. पण त्या बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि गंडेदोरे करण्यात गेलेले महिने त्याच्या हाडांवर आणि प्लीहेवर खुणा ठेवून जातात. दुआ जरूर करावी, पण ती रुग्णालयाच्या बाकावर बसूनही करता येते.

आणि लोहाची बाटली? इथेच ती अपाय करते. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह तीन-चार ग्रॅमच असते आणि जादा लोह बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. वीस पिशव्यांत तेवढेच लोह आणखी साठते. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत जाऊन बसते. म्हणून या मुलांना लोह बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. जे औषध पहिल्या वाटेवर अमृत, तेच दुसऱ्या वाटेवर ओझे आहे.

नाणी उडवून पाहा

बदली तास मिळाला की आम्ही वर्गात एक खेळ घेतो. घरीही करून पाहा. दोन नाणी घ्या, एक अम्मीचे, एक अब्बूंचे. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे चुकीची. दोघेही वाहक आहेत असे समजा. नाणी एकदम उडवा. दोन्ही छापे पडले तर मूल पूर्ण निरोगी, एक छापा एक काटा पडला तर मूल वाहक, दोन्ही काटे पडले तर मेजर. पुष्कळ वेळा उडवून नोंद ठेवली की दिसते, चारात एकदा पूर्ण निरोगी, चारात दोनदा वाहक, चारात एकदा मेजर.

आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. नाण्यांना आठवण नसते. पहिले मूल मेजर झाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नाही. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्याने उडतात. कोणाची तिन्ही मुले ठणठणीत निघतात, कोणाची लागोपाठ दोन मेजर निघतात.

दुसरी गोष्ट, मेजर मूल होण्यासाठी दोन काटे लागतात. एक आईचा, एक बापाचा. तरीही अशा घरात सून एकटीच दोषी ठरते. तिचे पाय वाईट, तिचे दूध वाईट, तिच्या माहेरचे रक्त वाईट, आणि मग मुलाच्या दुसऱ्या निकाहाची कुजबुज. रक्ताचा अहवाल अशा कुजबुजीला एका ओळीत उत्तर देतो की निम्मा वाटा मुलाच्या वडिलांचाही आहे. आणि ज्यात दोघांनी काहीच केलेले नाही त्यात दोष तरी कोणाचा? सवयीने, पापाने, खाण्यापिण्याने ही प्रत बिघडत नाही. ती मिळते. हा आजार स्पर्शानेही चिकटत नाही. अशा मुलाच्या ताटात जेवले, त्याच्याशेजारी बाकावर बसले, तरी काही होत नाही.

तिसरी वाट : बाहेरून आलेला चोर

चिकटणारे आजार वेगळे. त्यांत बाहेरचा जीव शरीरात शिरतो. कधी तो विषाणू असतो, कधी जिवाणू, कधी परजीवी. तांबड्या पेशीचा सर्वांत जुना चोर म्हणजे हिवतापाचा परजीवी.

१८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना रुग्णाच्या रक्तात हा परजीवी दिसला. पण तो एकातून दुसऱ्यात जातो कसा? त्याचे उत्तर आपल्या शेजारीच, सिकंदराबादला मिळाले. रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले. दर डासामागे एक आणा मोबदला होता. हुसेन खानांचे रक्त प्यालेला एक डास २० ऑगस्ट १८९७ रोजी कापून पाहताना रॉस यांना त्याच्या पोटाच्या भिंतीत परजीवी सापडला. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळाले. हुसेन खानांना दहा आणे मिळाले. पण हिवताप डासामार्फत पसरतो ही गोष्ट जगाला कळली त्यात त्यांच्या रक्ताचाही वाटा आहे.

ॲनॉफिलिस जातीची मादी चावली की परजीवी आधी यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग तांबड्या पेशींत घुसतात. पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन ते वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रकारांत ही फोडाफोड सुमारे ४८ तासांनी होते. दिवसाआड हुडहुडी भरून ताप येतो तो यामुळे. पेशी फुटत गेल्या की मूल फिके पडते.

इथे टॉनिक उपयोगाचे नाही आणि तापाची गोळीही पुरी नाही. रक्त तपासून हिवताप ठरला की त्याचेच औषध हवे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत मिळते. व्हायव्हॅक्स प्रकाराचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून ताप तीन दिवसांत उतरला तरी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस पुऱ्या करायच्या असतात. चौथ्या दिवशी गोळ्या सोडणारी माणसे पावसाळ्यानंतर पुन्हा रांगेत दिसतात ती त्यामुळे. आणि डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, टाकी, कूलर, कुंडीखालची बशी कोरडी करणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

तिन्ही वाटा एकमेकींना भेटतात

आता एक प्रश्न उरतो. थॅलेसेमियाची चुकीची प्रत इतक्या लोकांत आली कुठून आणि टिकली कशी? १९४९ मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञाने असे सुचवले की हे हिवतापामुळे झाले असावे. (हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले.) १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत ते दाखवून दिले. वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेत होता, त्या भूमध्य समुद्राच्या काठापासून अरबस्तान, इराण, हिंदुस्थान ते आग्नेय आशियापर्यंत वाहक वाचले आणि त्यांची मुले वाढली. तेव्हा ही प्रत म्हणजे कोणाच्या घराण्याला लागलेला कलंक मुळीच नाही. आपल्या कोणा पूर्वजाने हिवतापाच्या साथीतून जीव वाचवला, त्याची ती निशाणी आहे.

उलट बाजूही आहे. काही जणांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. हेही वारशानेच, आणि जास्त करून मुलग्यांत. अशांना प्रायमाक्विन दिले तर तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात, लघवी गडद होते. म्हणून डॉक्टर कधी ही तपासणी आधी करून घेतात. घरात कोणाला असे झाले असेल तर आठवणीने सांगावे. संसर्गाचे औषध देताना वारसा विचारावा लागतो तो असा.

निकाहापूर्वीचा एक थेंब

आमची एक माजी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली. तिचा रिश्ता मामूंच्या मुलाशी ठरला होता. त्याच घराण्यात खालाच्या मुलाला दर महिन्याला रक्त लागते. तिने तपासणीचा विषय काढला तर नानी म्हणाल्या, “घरचाच मुलगा, त्याची कसली तपासणी?” तिने हट्ट धरला. दोघांचे अहवाल आले. दोघेही वाहक. दोन्ही घरे शहाणी, रिश्ता गोडीने थांबवला. पण मुलीचा प्रश्न वेगळाच होता. “टीचर, आता पुढच्या रिश्त्याच्या वेळी हे सांगू की लपवू? सांगितले तर माझ्यात खोट आहे म्हणतील.”

आम्ही तिला सांगितले ते इथेही लिहितो. सांग, आणि मुलाचीही तपासणी माग. तो वाहक नसेल तर तुमचे एकही मूल मेजर होणार नाही, कारण दुसरा काटा येणार कुठून? फार तर काही मुले तुझ्यासारखी वाहक होतील, आणि तू माझ्यासमोर ठणठणीत उभी आहेस. मुलाकडच्यांनी कागद मागायचा आणि मुलीकडच्यांनी दाखवायचा, ही एकतर्फी रीत या तपासणीला लागू नाही. मुलाने आधी करावी. तो वाहक नसेल तर मुलीचा अहवाल मागायचे कारणच उरत नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल दोन शब्द. चुलत, मामे, मावस, आते भावंडांचा निकाह जायज आहे, पण फर्ज नाही. आणि ही चाल एकट्या आपलीच नाही. मामाची मुलगी करण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. नात्यातल्या प्रत्येक जोडप्याला आजारी मूल होते असेही नाही. हिशेब फक्त एवढाच की वाटेल त्या शंभर माणसांत तीन-चार वाहक, पण वाहक माणसाच्या सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडांत शंभरात साधारण बारा-तेरा. एकाच दादा-दादीची किंवा नाना-नानीची प्रत दोन्हीकडे उतरलेली असण्याची शक्यता एवढी वाढते. म्हणून ‘घरचाच मुलगा’ हे तपासणी टाळण्याचे कारण नाही, करण्याचे कारण आहे. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरेबियाने २००४ पासून निकाहापूर्वी ही रक्ततपासणी सक्तीची केली आहे. तिथल्या नानी-दादींनीही ती स्वीकारली.

तपासणी साधी आहे. आधी नेहमीची रक्तगणना. तिच्यात एमसीव्ही हा आकडा ८० च्या खाली आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर असेल तर वाहक असल्याची शंका घ्यावी. खात्रीसाठी एचपीएलसी ही तपासणी. तिच्यात ए-टू हिमोग्लोबिन साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर आले तर वाहक समजतात. सिकलसेलही याच तपासणीत दिसतो. हे महत्त्वाचे, कारण एक थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा, असे जोडपे असले तरी मूल आजारी होऊ शकते. अंगात लोह कमी असेल तर अहवाल फसवा येऊ शकतो, म्हणून तो डॉक्टरांनाच दाखवावा. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. आयुष्यात एकदाच करायची ही तपासणी आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची रिश्ते येण्याआधीच करून ठेवली तर कोणाच्याही मंगनीत अडथळा येत नाही.

निकाह झाला आहे आणि दोघेही वाहक निघाले, तर घाबरून जाऊ नये आणि गप्पही बसू नये. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहताच डॉक्टरांकडे जावे. पुढचा निर्णय नवरा-बायकोने डॉक्टर आणि जाणत्या आलिमांशी बोलून घ्यावा. तो सासूचा किंवा मोहल्ल्याचा निर्णय नव्हे.

आणि ज्यांच्या घरात मेजर मूल आहे त्यांना सांगायचे ते असे. नियमित रक्त आणि लोह काढणारे औषध मिळाले तर ही मुले शिकतात, कमावतात, संसार करतात. सख्ख्या भावंडाशी जुळले तर मज्जारोपणाने आजार कायमचा बरा होऊ शकतो. तसे जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्हींचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून घ्यावे.

राहता राहिले आपण सगळे. या मुलांचे रक्त कोणत्याही कारखान्यात बनत नाही, ते माणसानेच द्यावे लागते. १८ वर्षांवरचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्तदान करू शकते. रोज्यांच्या दिवसांतही या मुलांची तारीख चुकत नाही. म्हणून रमजान लागण्याआधी घरातल्या एकाने तरी रक्तपेढीत जाऊन यावे, आणि ज्या घरात यंदा रिश्त्याची बोलणी चालू आहेत तिथल्या मुलाने जाता जाता स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. सुई एकदाच टोचेल. पुढच्या पिढीतल्या कोणाला ती दर महिन्याला टोचावी लागू नये, हीच दुआ.